शिंगं मागं वळली की म्हैस झाली: घरातल्या सामानातून लहान मुलांसोबत प्राणी करताना

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते आणि धार काढून फेसाळ दूध तिथंच पेल्यात मिळतं. माझ्या बालवाडीतली एक साडेचार वर्षांची मुलगी आजोबांचा हात धरून तिथं नेहमी जायची. वर्गात खोक्याची म्हैस करायची म्हणून मी पुठ्ठ्याची शिंगं आदल्या रात्रीच कापून ठेवली होती, बैलासारखी वर उभी. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, मग पाठीच्या दिशेनं आडवी धरली आणि म्हणाली, "बाई, म्हशीची अशी मागं असत्यात."

तिचंच बरोबर होतं. आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीची शिंगं मागं जात जात खांद्याच्याही पलीकडं पोचतात. त्या दिवसापासून मी एक क्रम धरला आहे. कात्री हातात घेण्याआधी मुलाला विचारायचं, "हा कोण आहे, हे आपण कशावरनं ओळखायचं?" मूल जी खूण सांगेल ती मन लावून करायची. म्हशीला शिंगं, गव्याला पांढरे पाय, हत्तीला सोंड, बैलाला वशिंड. एवढी खूण नीट उतरली की बाकीचं अंग वाकडंतिकडं असलं तरी मूल त्याला त्याच नावानं हाक मारतं.

खूण सांगता यायला प्राणी आधी डोळ्यांखालून जायला हवा. चित्रातला चालतो, पण खरा असेल तर त्याची सर नाही. रंकाळ्याच्या काठावर बगळा एक पाय पोटाशी घेऊन किती वेळ उभा राहतो ते मुलांना बघू द्या. नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात भुसा भरलेले प्राणी जवळून दिसतात. काही लहानगी मात्र तिथं घाबरतात, त्यांना ओढून नेऊ नका. घराखालचं मांजरही पुरेसं आहे.

सामानाचा खोका

बाजारातून 'हस्तकला संच' आणायची गरज नाही, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. एक मोठा खोका ठेवा आणि महिनाभर त्यात टाकत राहा: चहाचे, टूथपेस्टचे रिकामे खोके, आगपेट्या, जुनी वर्तमानपत्रं, जुन्या कॅलेंडरची पानं, विटके मोजे, सुतळीचे तुकडे, शेंगांची टरफलं, समारंभात उरलेले द्रोण आणि कागदी ताटं. लग्नपत्रिका तर फेकूच नका. इतका जाड आणि सुबक कागद विकत आणायला गेलात तर महाग पडतो, आणि आपल्याकडं लग्नसराईत एका घरात वीस-पंचवीस पत्रिका सहज जमतात. परदेशी व्हिडिओंमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या भरपूर वापरलेल्या दिसतात. आपल्या घरात त्या क्वचितच असतात. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची नळी मिळाली तर ठेवा, नाहीतर वर्तमानपत्राची घट्ट सुरळी तेच काम करते.

डोळ्यांसाठी टिकल्या. प्लास्टिकचे हलते डोळे आणण्यापेक्षा टिकलीचं पाकीट कितीतरी सोयीचं. मागं गोंद असतोच. आधी मोठी पांढरी किंवा पिवळी टिकली, तिच्यावर छोटी काळी. तीन वर्षांच्या मुलाच्या चिमटीला टिकली पाकिटावरून सोडवून काढण्याचा व्यायामही होतो. फक्त तीन वर्षांच्या आतलं भावंड आसपास रांगत असेल तर टिकल्या, चिंचोके, मणी यांतलं काही जमिनीवर राहता कामा नये. ती वस्तू थेट तोंडात जाते.

चिकटवायला खळ घरीच करा. दोन मोठे चमचे मैदा पाव वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. पाऊण वाटी पाणी उकळत ठेवा, त्यात हे मिश्रण धार लावून ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ते थोडं पारदर्शक दिसायला लागलं की उतरवा. चिमूटभर मीठ घाला, पूर्ण गार होऊ द्या. झाकून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्या. पूर्वी पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. घरातल्या मोठ्या माणसांना ते आठवतं आणि ते प्रेमानं सुचवतातही. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे.

कोणत्या हाताला काय झेपतं

तीन वर्षांचं मूल फाडतं, चुरगाळतं, थापतं, चिकटवतं. त्याला कात्री देण्याची घाई नको. चार वर्षांच्या आसपास बोथट टोकाच्या कात्रीनं सरळ रेघ कापता येते. पाच-सहाला वळण जमायला लागतं. कटर, स्टेपलर, सुई आणि गरम गोंदाची बंदूक ही मोठ्यांची हत्यारं, आणि ती मूल टेबलाशी बसण्याआधी वापरून परत ठेवलेली असावीत. अर्धं काम तुम्ही मुलासमोर बसून केलंत तर मूल नुसतं बघत बसतं.

एका बैठकीला वीस ते पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. म्हैस एका दिवसात पुरी करायचा हट्ट धरू नका. खळ वाळायला वेळ लागतोच, ते आपल्या पथ्यावर पडतं.

म्हैस

चहाचा छोटा खोका धड, आगपेटी डोकं. आगपेटी पूर्ण रिकामी असल्याची खात्री करा आणि काडी घासायच्या पट्ट्यांवर आधी कागद चिकटवून टाका.

खोका नुसताच घेतला तर मुलाच्या हातात दबतो. म्हणून पहिलं काम मुलाचं: वर्तमानपत्राचे बोळे करून खोक्यात ठासून भरणं. तीन वर्षांची मुलं हे काम जिवाच्या कराराने करतात. मग तोंड बंद करून चिकटवा.

पाय हा या म्हशीतला कठीण भाग. बहुतेकांचे पाय इथंच निखळतात, कारण सुरळीची नुसती कड खोक्याला चिकटवलेली असते आणि कडेला धरायला जागाच नसते. वर्तमानपत्राचं एक पान उभं-आडवं दुमडून त्याचे चार तुकडे करा. प्रत्येक तुकडा पेन्सिलीवर घट्ट गुंडाळा, शेवटची कड खळीनं बंद करा आणि पेन्सिल ओढून काढा. चारही सुरळ्या एकमेकींशेजारी ठेवून सारख्या उंचीच्या कापा, साधारण सहा सेंटिमीटर. आता एका टोकाला एक सेंटिमीटर खोल असे पाच-सहा उभे काप द्या आणि त्या पाकळ्या बाहेर उघडा, फुलासारख्या. या पाकळ्यांना खळ लावून पाय खोक्याच्या तळाला बसवा आणि प्रत्येक पाकळीवरून कागदाची पट्टी चिकटवा. म्हैस उलटी, पाय आकाशाकडं करून रात्रभर ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या मुलं तिला सरळ उभी करून बघतात. एखादा पाय आखूड निघाला तर त्याच्या टाचेला पुठ्ठ्याचा तुकडा लावा.

आगपेटी समोर चिकटवताना खोक्याच्या वरच्या कडेपेक्षा थोडी खाली लावा. म्हैस मान खाली ठेवूनच चालते. मग कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या खळीत बुडवून सगळ्या अंगावर दोन थर द्यायचे. पट्ट्या कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाडलेली कड पातळ असते, म्हणून ती खालच्या कागदात मिसळून जाते. कापलेल्या पट्टीची कड वाळल्यावरही वर दिसत राहते. वाळल्यावर काळ्या पोस्टर रंगात थोडा तपकिरी मिसळून रंगवा. निव्वळ काळा रंग दिला की म्हैस डांबरासारखी दिसते.

आता खूण. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर मोठी चंद्रकोर काढा, टोकापासून टोकापर्यंत चौदा-पंधरा सेंटिमीटरची. दोन्ही शिंगं एकाच तुकड्यात असली की सुटत नाहीत. चंद्रकोरीचा मधला भाग आगपेटीच्या माथ्यावर चिकटवा. टोकं मागं वळवायचं काम मुलाचं: शिंग अंगठा आणि पेन्सिल यांच्यामध्ये धरून मुळापासून टोकाकडं हळूच ओढलं की पुठ्ठा आपोआप बाक घेतो. सुतळीचं टोक उसवून शेपटीचा गोंडा, टिकल्यांचे डोळे, आणि म्हैस तयार.

दिवाळी पाडव्याला आपल्या शहरात म्हशी सजवून मिरवतात, हे मुलांनी बघितलेलं असतं. मग कोणी शिंगांना रंग देतं, कोणी गळ्यात लोकरीचा गोंडा बांधतं. एका मुलानं शिंगांना आईच्या तुटक्या बांगड्या लावायला मागितल्या होत्या. काच हातात द्यायची नाही म्हणून आम्ही पत्रिकेच्या सोनेरी कडेच्या पट्ट्या कापून गुंडाळल्या.

गवा

दाजीपूरचा गवा इथल्या मुलांना नावानं तरी ठाऊक असतो. 1958 साली गव्यांसाठी तिथं अभयारण्य झालं, आता ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखलं जातं. मुलाला गव्याचा एक फोटो दाखवा आणि खूण विचारा. बहुतेक जण पायांवर बोट ठेवतात, कारण त्याचे गुडघ्याखालचे पाय मोजे घातल्यासारखे पांढरे असतात.

या मोज्यांसाठी मेणबत्तीचा तुकडा लागतो, आणि ही माझी सगळ्यात आवडती कृती आहे. चित्रकलेच्या वहीचा जाड पांढरा कागद मधोमध दुमडा. घडी वरच्या बाजूला ठेवा, ती गव्याची पाठ. खालच्या बाजूनं मधला भाग कमानीसारखा कापून काढा म्हणजे पुढं-मागं पाय उरतात आणि कागद तंबूसारखा उभा राहतो. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत असतो आणि तिथं एकदम उतरतो. म्हणून मागच्या अर्ध्या भागातली घडी एक बोट खाली उतरती कापा. पुढच्या अर्ध्या भागाची घडी शाबूत राहते, तेवढ्यावर दोन्ही बाजू धरून राहतात.

कागद उघडून सपाट पसरा. मुलाच्या हातात मेणबत्तीचा तुकडा द्या आणि पायांच्या खालच्या अर्ध्या भागावर दाबून घासायला सांगा. कागदावर काहीच दिसत नाही, त्यामुळं मूल गोंधळून तुमच्याकडं बघेल. घासू द्या, जागा सुटता कामा नये. मग गडद तपकिरी जलरंग पातळ करून सगळ्या अंगावरून कुंचला फिरवायचा, पायांवरूनही. रंग मेणावर टिकत नाही, थेंब होऊन घरंगळतो, आणि पांढरे मोजे आपोआप उमटतात. वर्गात या क्षणाला एकदम शांतता होते, आणि पुढच्या क्षणाला सगळ्यांना दुसरा गवा करायचा असतो. दोन कागद आधीच कापून ठेवा. लग्नपत्रिकेच्या चकचकीत कागदावर मात्र हे जमत नाही, तिथं रंग सगळीकडूनच घरंगळतो.

डोकं वेगळ्या तुकड्यावर काढून पुढच्या घडीत खाच पाडून अडकवा. कपाळावर फिकट रंगाचा ठिपका द्यायला विसरू नका.

हत्ती

कोल्हापुरात साठमारी नावाचं ठिकाण आहे, तिथं संस्थानच्या काळात हत्तींचे खेळ व्हायचे. तिथून जाताना आजोबा मंडळी नातवंडांना गोष्ट सांगतात, आणि मग घरी हत्ती करायची मागणी येते.

हा हत्ती शोभेचा नाही, खेळायचा आहे. मोठं कागदी ताट घ्या. मध्याच्या थोडं खाली मुलाची मूठ सहज जाईल एवढं भोक तुम्ही पाडून द्या आणि कडेला आतून-बाहेरून चिकटपट्टी लावा, नाहीतर दोन मिनिटांत ताट फाटतं. ताट राखाडी रंगवायचं, रंग नसेल तर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवायचे. छापील कागद लांबून राखाडीच दिसतो. कानांना पत्रिकेचे दोन तुकडे. कान फार मोठे करू नका, आपल्याकडच्या हत्तीचे कान आफ्रिकेतल्या हत्तीपेक्षा लहान असतात.

सोंड म्हणजे मुलाचा हात. जुना लांब मोजा हातावर चढवायचा आणि हात मागून भोकातून पुढं काढायचा. आपल्या हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच उंचवटा असतो. म्हणून मोज्याच्या टोकाला छोटं भोक पाडून फक्त तर्जनी बाहेर काढा, अंगठा आत राहू द्या. आता तर्जनी आणि मोज्यातला अंगठा यांच्या चिमटीत कागदाचा बोळा, भुईमुगाची शेंग, केळं उचलता येतं. शेंग उचलून तोंडाकडं नेताना सोंड कशी वळते हे मूल स्वतःच्या कोपरानं शिकतं.

कासव आणि नाग

ही दोन्ही पटकन होतात. द्रोण पालथा घाला, पुठ्ठ्याचे चार पाय, डोकं आणि इवलीशी शेपूट खालून चिकटवा, पाठीवर शेंगांची टरफलं किंवा कागदाचे षट्कोनी तुकडे लावा. देवळात सभामंडपातलं कासव मुलांनी बघितलेलं असतं, त्याच्या पाठीवरच्या रेघा आठवायला सांगा.

नागासाठी कॅलेंडरच्या पानावर ताटली ठेवून गोल काढा आणि बाहेरून आत दोन बोटं रुंदीची गोगलगाईसारखी रेघ आखा. बाहेरच्या टोकाला फणा ठेवा. पाच वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट शिकवायची: कात्रीचा हात जागेवर ठेवून दुसऱ्या हातानं कागद फिरवायचा. हे एकदा जमलं की पुढची सगळी वळणं जमतात. नागपंचमीच्या सुमारास हा नाग दोऱ्यानं खिडकीत टांगला की वाऱ्यावर गिरक्या घेत राहतो.

बेंदराचा बैल

आषाढात बेंदूर, म्हणजे बैलांच्या पूजेचा सण, आला की कुंभारवाड्यातून मातीचे बैल घरोघरी येतात. पूजेचा बैल कुंभाराचाच असू दे. त्याच्या शेजारी मुलाच्या हातचा एक बैल बसावा, असं मला दरवर्षी वाटतं.

गंगावेशीला, शाहूपुरीत कुंभार गल्ल्या आहेत. तिथं मळलेल्या मातीचा गोळा मागा. त्या दिवसांत गणपतीच्या कामाची गडबड असते, तेव्हा सकाळी लवकर जा आणि थोडक्यात बोला. शेतातली माती आणून घरी भिजवली तर त्यात खडे राहतात आणि वाळताना ती तडकते. कुंभाराची माती ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा.

मुलं बैल करताना धड, चार पाय, डोकं असे सात-आठ गोळे वळून जोडायला जातात, आणि वाळल्यावर तो बैल पुन्हा सात-आठ गोळ्यांचा होतो. म्हणून एकाच गोळ्यातून काढायचा. पेरूएवढा गोळा घ्या, लांबट वळा. खालच्या बाजूनं चिमटीत धरून चार ठिकाणी माती ओढा. पाय आखूड आणि जाड हवेत, मुलाच्या अंगठ्याएवढे. बारीक पाय ओल्या धडाच्या वजनानं बसतात. पुढच्या टोकाची माती ओढून मान आणि तोंड करा. मग खांद्यावर चिमटा काढायचा: दोन बोटं, एकदाच, वर ओढून. ते वशिंड. वशिंड उठलं की गोळ्याचा बैल होतो. शिंगं तेवढी वेगळी करावी लागतात. जोडायच्या जागी काडीनं ओरखडे काढा, पाण्यात कालवलेल्या मातीचा ठिपका लावा आणि मग शिंग दाबून बसवा. कोरडं चिकटवलेलं शिंग हमखास गळतं.

एका वर्षी एका मुलाच्या बैलाची मान फारच वळलेली होती, जवळजवळ पाठीकडं. मला वाटलं चुकून झालीय. तो हात धुवायला गेला असताना मी ती सरळ केली. परत आल्यावर त्यानं बैलाकडं बघितलं आणि तो माझा नाही म्हणाला. त्याचा बैल पाठीवरची माशी चाटून हाकलत होता, असं त्यानं नंतर आईला सांगितलं. मी त्याची माफी मागितली, पण त्यानं तो बैल घरी नेला नाही. तेव्हापासून मुलाच्या कामाला हात लावण्याआधी मी विचारते. "हा काय करतोय?" एवढं पुरतं.

कुंभाराची माती मिळाली नाही तर मिठाची कणीक चालते: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी, लागेल तसं. पण ही कणीक दिवाळी ते मे या महिन्यांत करा. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणाच्या झडीत असा बैल आठवडा झाला तरी ओलाच राहतो, वर बुरशी धरतो. घरात कुत्रं असेल तर ही कणीक त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

मातीचा बैल उन्हात वाळवू नका. सावलीत, वर्तमानपत्रावर, पहिला दिवस सुती फडकं झाकून ठेवा आणि दिवसातून एकदा कूस बदला. पावसात चार-पाच दिवस धरून चाला. रंग पूर्ण सुकल्यावरच द्या, किंवा गेरू लावा. तोही छान दिसतो.

न रंगवलेला बैल पूजा झाल्यावर पाण्याच्या बादलीत सोडला की रात्रीत विरघळतो. मूल सकाळी बादलीत हात घालून शिंगं शोधतं. वरचं पाणी झाडांना ओता, खालची माती जुन्या चादरीवर पसरा, ती मळण्याइतकी घट्ट झाली की पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच डब्यात ठेवा. नागपंचमीला लागेल.